संकेतस्थळ सांध्यांतच निखळतं

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्यविम्याचं ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे सरकारी संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्या दिवशी त्यावरून फक्त सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली. या कामावर पन्नासहून अधिक कंत्राटदार होते. खातेनोंदणी एकाकडे, पात्रता तपासणी दुसऱ्याकडे, आणि आपापल्या भागात सगळे जाणकार. त्याच महिन्यात संसदीय समितीपुढे साक्ष देताना आपला भाग चालत होता, असंच मोठ्या कंत्राटदारांचं म्हणणं होतं. सगळी साखळी जोडून चाचणी झाली ती शेवटच्या दोन आठवड्यांत, हेही तिथेच उघड झालं. विम्याच्या योजना नुसत्या पाहायच्या तरी आधी खातं उघडावं लागेल, हा निर्णय उशिरा झाला आणि सारी गर्दी नोंदणीच्या पानावर लोटली. स्पष्ट नेतृत्व नसणं हे या अपयशाचं मोठं कारण असल्याचं आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात नोंदवलं आहे. तिथे विशेषज्ञांची वाण नव्हती. एका भागातल्या निर्णयाचा भार दुसऱ्या भागावर किती पडेल हे ओळखणारा आणि वेळीच ‘थांबा’ म्हणू शकणारा माणूस नव्हता.

वेबचं काम मुळातच असं गुंतलेलं आहे. डिझायनर मराठी मजकुरासाठी चार वजनांचा देखणा फाँट निवडतो. देवनागरीतल्या जोडाक्षरांमुळे अशा फाँटची फाइल सहसा रोमनपेक्षा जड असते. डेव्हलपर ती सांगितल्याप्रमाणे जोडतो, सर्व्हर सांभाळणारा ती बिनचूक पोचवतो, आणि तालुक्याच्या गावी मंद नेटवर्कवर वाचकाला काही क्षण कोरं पान दिसतं. चूक कोणाची? कामाच्या वाटणीप्रमाणे कोणाचीच नाही. दृष्टिहीन आणि अधू दृष्टीच्या वाचकांच्या सोयींचीही हीच गत. रंगांतला फरक पुरेसा ठेवणं डिझायनरकडे, फॉर्मच्या रकान्यांना नावं देणं डेव्हलपरकडे, चित्रांचं वर्णन लिहिणं संपादकाकडे. ‘वेबएम’ संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासली, तेव्हा सुमारे ९६ टक्के पानांवर सुगम्यतेच्या चुका आढळल्या, आणि सर्वाधिक आढळलेल्या तीन चुका याच साध्या होत्या. त्या टाळायला दुर्मीळ ज्ञान लागत नाही. तिन्ही गोष्टी एकाच नजरेखालून जायला हव्या, एवढंच. म्हणून संघाच्या मध्यभागी सगळ्या थरांत वावरणारा बहुअंगी माणूस हवा आणि विशेषज्ञ त्याच्याभोवती, असं माझं ठाम मत आहे.

यावर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण ऐकवली जाते, आणि ती अगदीच फोल नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी सर्व्हरच्या स्मृतीतली गुपितं बाहेर सांडत होती. अशा गोष्टी वरवरच्या ओळखीने सापडत नाहीत. सुरक्षा, पैशांचे व्यवहार, प्रचंड डेटा या ठिकाणी विशेषज्ञाला पर्याय नाही. मात्र त्याला नेमकं कधी आणि कशासाठी बोलवायचं, हे ठरवायलाही संपूर्ण काम दिसावं लागतं. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ‘फुल स्टॅक’ या नावाखाली तिघांचं काम एकाच्या गळ्यात मारून दोन पगार वाचवले जातात. ही पिळवणूकच आहे आणि तिचं समर्थन होऊ शकत नाही. पण तिथे त्या माणसाला तीन कामं मिळतात, निर्णयाचा हक्क मिळत नाही. मी म्हणतो तो बहुअंगी माणूस सगळं स्वतः करणारा नव्हे. निदान एका शाखेत त्याची खोल तयारी असावी आणि बाकीच्यांची भाषा त्याला कळावी. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या जाहिरातींत अमुक फ्रेमवर्कचा किती वर्षांचा अनुभव एवढंच विचारलं जातं. शेजारच्या टेबलावरचं काम तुम्हाला कितपत कळतं, हा प्रश्न मुलाखतीत यायला हवा. सरकारी संकेतस्थळांच्या निविदांतही जोडणीची जबाबदारी नावानिशी एका व्यक्तीवर असावी. तिला पगार विशेषज्ञाच्या बरोबरीचा द्यावा, आणि चाचणी अपुरी असेल तर मंत्र्यांच्या हस्ते होणाऱ्या उद्घाटनाची तारीख पुढे ढकलण्याचा अधिकारही.