तीनशे ऑप्शन भरू की तीसच?

सीईटीचा निकाल लागला की भिवंडीत धामणकर नाक्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत फॉर्म भरून देणाऱ्या प्रत्येक दुकानात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘किती कॉलेजं टाकू?’ दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं, ‘टाक सगळी, कुठे ना कुठे लागेलच.’ तो ‘कुठे ना कुठे’ म्हणतो ते ठीक आहे. पण तिथे रोज सकाळी तो जाणार नाहीये, तुम्ही जाणार आहात.

बीए, बीकॉम, बीएस्सीला जाणार असाल तर हा प्रश्न मुळात खिशाचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या पोर्टलवर एकदा नावनोंदणी झाली, तरी गावातलं बीएनएन, कल्याणचं बिर्ला, ठाण्याचं जोशी-बेडेकर, प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि मेरिट लिस्टही वेगळी. वर लिस्ट लागली की दोन-चार दिवसांत फी भरायची धावपळ. चार-पाच अर्ज पुरे, त्यातला एक नक्की मिळेल असा.

इंजिनीअरिंगचं गणित मात्र वेगळं आहे. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये तब्बल ३०० पर्याय भरता येतात. हे ३०० म्हणजे ३०० कॉलेजं नव्हेत, चॉइस कोड. एकाच कॉलेजच्या पाच ब्रँच टाकल्या की पाच पर्याय झाले. आणि यादी लांबवायला जादा पैसे लागत नाहीत.

मग सगळे भरावेत का? त्याआधी एक गैरसमज दूर करू या. ‘व्हीजेटीआय पहिलं टाकलं आणि नाही मिळालं, तर तो पर्याय फुकट जातो,’ असं अजून अनेक जण मानतात. तसं होत नाही. कॉम्प्युटर मेरिटनुसार तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे तुमच्या वाट्याची पहिली जागा शिल्लक दिसेल, ती देतो. वरची दहा स्वप्नं हुकली म्हणून अकराव्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. म्हणजे कट-ऑफला घाबरून आवडतं कॉलेज खाली ढकलण्यात काहीच शहाणपण नाही.

खरी मेख आहे ऑटो-फ्रीझमध्ये. २०२५च्या प्रवेशात तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला की फ्रीझ. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही, आणि चौथीत जे मिळेल ते. फ्रीझ झालं की पुढच्या फेऱ्यांची दारं बंद, मग तुम्ही ती जागा घ्या नाही तर सोडा. यंदाची नियमपुस्तिका स्वतः उघडून हे आकडे आधी बघा.

आता समजा, तिसऱ्या ओळीवर तुम्ही ‘असू दे’ म्हणून एक ब्रँच टाकलीत. दुसऱ्या फेरीत तीच लागली. तिसऱ्या फेरीत कुणीतरी जागा सोडली आणि तुमचा पहिला पर्याय मोकळा झाला, तरी तो आता तुमचा नाही. म्हणून वरच्या सहा ओळींत तडजोड नको. जिथे मिळालं तर घरात पेढे वाटाल, तेच तिथे लिहा. अगदी अशक्य वाटलं तरी लिहा, कारण त्यामुळे तुमच्या तडजोडी आपोआप सातव्या ओळीखाली जातात.

पण वर लिहिलेलं खरंच हवं असलं पाहिजे. नुसत्या नावासाठी व्हीजेटीआयच्या सगळ्या ब्रँच ओळीने टाकल्या आणि टेक्स्टाइल लागलं, तर रडू नका. (खरं तर यंत्रमागांच्या गावात टेक्स्टाइलला नाक मुरडणं मला कधी कळलंच नाही. असो.)

यादीचं दुसरं टोकही तेवढंच महत्त्वाचं. चारही फेऱ्यांत हाती काही लागलं नाही, तर उरते संस्थास्तरावरची फेरी किंवा मॅनेजमेंट कोटा. तिथे खर्च बदलतो. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण ते कॅपमधून प्रवेश घेतला तर. मागावर किंवा गोदामात काम करणाऱ्या बापासाठी कॅपच्या आत आणि बाहेर यातला फरक म्हणजे लेकीचं इंजिनीअरिंग होणार की नाही, इतका असू शकतो. म्हणून तुमच्या पर्सेंटाइलला गेल्या वर्षी आरामात मिळालेले सात-आठ पर्याय शेवटी हवेतच.

मधल्या ओळींसाठी कसोटी एकच, प्रवास. भिवंडी लोकलच्या मुख्य मार्गावर नाही. भिवंडी रोड स्टेशनात वसई-दिवा मार्गाच्या मोजक्याच गाड्या येतात आणि बाकी सगळी भिस्त रस्त्यावर. कशेळीचा पूल तुंबला की ठाणंही लांबचं होतं. ठाणे पूर्वेचं केसी आणि घोडबंदर रोडचं ए. पी. शाह, पोर्टलवर दोन्हींपुढे ‘ठाणे’च लिहिलेलं असतं, पण तुमच्या घरातून दोन्हींचे प्रवास वेगळे. एकदा सकाळी सातला निघून बघा. जिथे चार वर्षं जाणं किंवा हॉस्टेलला राहणं जमणार नाही, तो कोड काढून टाका. माझा अंदाज, बहुतेकांची यादी तीस-चाळीसवर थांबेल.

घरात दहावीचं भावंड असेल तर त्याला मात्र हे जसंच्या तसं सांगू नका. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पर्याय फक्त दहा, आणि पहिला मिळाला तर घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. यादी छोटी असली की नुसतं मनातलं लिहून भागत नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी हायस्कूल प्रवेशात मुलांना अनेक वर्षं १२ पर्यायांची मर्यादा होती. ती पद्धत घडवणाऱ्या आल्विन रॉथ यांना पुढे २०१२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण बाराची अडचण तिथेही राहिलीच. सगळी वरची टाकली तर हात रिकामे. दहातली शेवटची दोन-तीन कॉलेजं नक्की मिळणारी आणि घराजवळची ठेवायला सांगा.

आणि फॉर्म दुकानात भरलात तरी पासवर्ड स्वतःकडे ठेवा. कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढा, घरी आणा आणि पहिले सहा कोड एकेक करून कॉलेज आणि ब्रँचशी ताडून बघा. एक आकडा चुकला तरी ब्रँच बदलते.