नसलेल्या वाघाचे नृत्य

ज्या मुलुखात सिंह कधी जन्मलाच नाही आणि ज्या मुलुखातून वाघ जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी नाहीसा झाला, त्या दक्षिण कोरियाच्या रंगमंचावर आज सिंह आणि वाघ ज्या दिमाखाने वावरतात तो पाहिला म्हणजे, एखादे श्वापद अरण्यातून हद्दपार झाल्यावर माणसांच्या अंगात कसे वस्तीला येते याचे विलक्षण प्रत्यंतर येते. कोरियन पॉप संगीताविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा त्या तरुण गायकांच्या रूपाविषयी, त्यांच्या रंगवलेल्या केसांविषयी आणि तालाला केसभरही न चुकणाऱ्या त्यांच्या पदन्यासाविषयी असते. घरातील मुले ज्या तन्मयतेने ती गाणी पाहतात तिच्याकडे वडीलधारी मंडळी काहीशा कौतुकाने, काहीशा चिंतेने पाहतात आणि विषय तेथेच संपतो. मला मात्र ही नृत्ये पाहताना त्यांतील पशूंनीच अधिक खिळवून ठेवले आहे. कारण ते तेथे शोभेसाठी आलेले नाहीत, त्यांच्या मागे फार मोठा आणि बराचसा दुःखद इतिहास उभा आहे.

चोसन घराण्याच्या अमलात कोरियन द्वीपकल्पात वाघांचा उपद्रव इतका असे की, त्यांच्या बंदोबस्तासाठी दरबाराने खास सैनिकांची शिबंदी तैनात केली होती. आणि तरीही बौद्ध मंदिरांच्या आवारातील पर्वतदेवतेच्या चित्रांत तोच वाघ त्या शुभ्रश्मश्रू वृद्ध देवाला बिलगून बसलेला असे, व नव्या वर्षाच्या आरंभी अरिष्ट टळावे म्हणून लोक त्याचेच चित्र घरात लावीत. पुढे १९१० साली जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडला आणि उपद्रवी श्वापदांचा नायनाट करण्याच्या नावाखाली वाघांची पद्धतशीर कत्तल सुरू झाली. १९१७ साली यामामोतो तादासाबुरो नावाच्या एका धनाढ्य जपानी जहाजमालकाने मोठा लवाजमा घेऊन कोरियात वाघांची शिकार मांडली, आणि परतल्यावर टोकियोच्या इंपीरियल हॉटेलात प्रतिष्ठितांना वाघाच्या मांसाची मेजवानी दिली. पराभूत राष्ट्राचा वाघ जेत्याच्या पानात वाढला जावा, याहून उघड राजकीय कृत्य कोणते असू शकेल?

हे राजकारण त्याच्या आधीच नकाशापर्यंत पोचले होते. कोतो बुंजिरो या जपानी भूगर्भशास्त्रज्ञाने १९०३ साली कोरियाचा आकार सशासारखा असल्याचे लिहिले. त्याला १९०८ साली छ्वे नाम-सॉन या तरुण लेखकाने आपल्या ‘सोन्यॉन’ मासिकाच्या पहिल्याच अंकात उत्तर दिले आणि तोच नकाशा पंजे उगारून मांचुरियाच्या दिशेने झेपावणाऱ्या वाघाच्या रूपाने काढून दाखवला. तेव्हापासून ससा की वाघ हा प्रश्न त्या देशात केवळ बालकथेचा राहिलेला नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा शुभंकर वाघ होता, २०१८ च्या प्यॉन्गचांग येथील हिवाळी ऑलिंपिकचा पांढरा वाघ होता, आणि त्या दोहोंच्या मधल्या तीस वर्षांत डोंगरांत मात्र वाघ नव्हता.

या नसलेल्या वाघाचे मला सर्वांत प्रिय असलेले नृत्य २०२० सालचे आहे. ‘ईनालची’ नावाचा एक वाद्यवृंद आहे. एकोणिसाव्या शतकातील एका थोर पानसोरी गायकाचे नाव त्याने धारण केले आहे. पानसोरी म्हणजे एक गायक किंवा गायिका, तिच्या हातातील एक पंखा, शेजारी एक ढोलवादक आणि मधूनमधून दाद देणारे श्रोते, एवढ्याच सरंजामावर तासन् तास चालणारे कथागायन होय. ईनालचीने त्यातील आवाज तसाच ठेवला, तो घोटून घोटून खरखरीत झालेला, छातीच्या तळातून येणारा आवाज, आणि त्याच्याखाली दोन बास गिटारी आणि एक ड्रमसंच एवढीच साथ घातली. त्यांच्या ‘सुगुंगगा’ या संचातील वाघ डोंगरावरून उतरण्याच्या गीतावर ‘अँबिग्युअस डान्स कंपनी’च्या नर्तकांनी जे नृत्य केले, ते कोरियाच्या पर्यटन महामंडळाने सोल शहराच्या जाहिरातीसाठी चित्रित केले आणि हा हा म्हणता ते जगभर पसरले.

त्या चित्रणात वाघ कोठेही नाही. ना मुखवटा, ना पट्टे, ना शेपूट. नर्तकांपैकी कोणाच्या डोक्यावर जुन्या लष्करी धाटणीची टोपी आहे, कोणाच्या अंगात पारंपरिक झगा आणि त्याखाली खेळाडूची विजार आहे, डोळ्यांवर काळे चष्मे आहेत आणि चेहऱ्यांवर भावनेचा लवलेशही नाही. ते गुडघे वाकवून, पाठ सैल सोडून, जमिनीला चिकटल्यासारखे उड्या घेत पुढे सरकतात. मान एका बाजूला जाते तेव्हा खांदा दुसऱ्या बाजूला राहतो, आणि क्षणभर थांबून सगळे एकदम दिशा बदलतात. इकडे गायक वाघाच्या अंगाचे, शेपटीचे, पंजांचे वर्णन करीत आहेत, तिकडे हे विचित्र वेषातील लोक राजवाड्यासमोरून आणि रस्त्यांवरून चालले आहेत, आणि पाहणाऱ्याच्या मनात हळूहळू खात्री उत्पन्न होते की शहरात काहीतरी उतरले आहे. वाघाचे चित्र दाखवणे निराळे आणि वाघाची चाल अंगात भिनवणे निराळे. माझ्या मते पशूच्या सोंगाची सारी थोरवी या भेदात साठवलेली आहे.

आता हा वाघ मुळात उतरतो कशासाठी, ती कथा मराठी वाचकाला चटकन ओळखीची वाटेल. समुद्रतळीचा नागराजा आजारी पडतो आणि सशाच्या काळजावाचून त्याला गुण येणार नाही असे निदान होते. दरबारातील एक इमानी कासव सशाला आणण्यासाठी जमिनीवर येते, पण इतके पोहून त्याचा जबडा आखडलेला असल्यामुळे सशाला घातलेली हाक तोंडातून वाघाच्या नावाने बाहेर पडते आणि आजवर ज्याला कोणी एवढ्या आदराने पुकारले नव्हते तो वाघ आनंदाने डोंगर उतरून येतो. कासव त्यालाही पळता भुई थोडी करते, पुढे सशाला फसवून नेते, आणि ससा आपण काळीज घरीच विसरून आलो असे सांगून जीव वाचवतो. आपल्या पंचतंत्रातील ज्या वानराने आपले हृदय जांभळाच्या झाडावर ठेवले असल्याचे मगराला सांगितले, त्याचाच हा ससा वंशज आहे. जातककथांत असलेली ही गोष्ट चिनी भाषेत उतरलेल्या बौद्ध ग्रंथांच्या वाटेने कोरियात पोचली असे अभ्यासक मानतात; आणि ती तेथे किती लवकर रुजली याचा पुरावा असा की, ११४५ साली सिद्ध झालेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात, शत्रूच्या कैदेत पडलेला सिल्ला राज्याचा वकील किम छुन-छु याला सुटकेची युक्ती सुचावी म्हणून एक दरबारी हीच ससा-कासवाची गोष्ट सांगतो, असा वृत्तांत आहे. वानराचा ससा झाला, मगराचे कासव झाले. वाघ मात्र कोरियाने स्वतःच्या डोंगरातून आणून त्या कथेत घातला. जेथे सशाला बोलावले तेथे वाघ हजर झाला, हे छ्वे नाम-सॉनच्या नकाशाची आठवण ठेवून ऐकले तर त्या गमतीच्या प्रसंगाला किती खोली येते!

सिंहाची हकीकत याहून निराळी आहे. तो बौद्ध धर्माबरोबर, मूर्तींतून आणि मुखवट्यांतून कोरियात आला. आज उत्तर कोरियाच्या हद्दीत असलेल्या बुकचॉन्ग भागात चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या सुमारास सिंहाचे सोंग निघत असे. एका मोठ्या मुखवट्याखाली आणि झुपकेदार कातड्याखाली दोन माणसे शिरत, बांबूच्या बासरीच्या साथीवर तो सिंह घरोघरी जाई, अंगणात नाचे, स्वयंपाकघरात शिरून जबडा उघडून अरिष्ट गिळल्याचा अभिनय करी. मुलाला त्याच्या पाठीवर बसवले तर ते दीर्घायुषी होते अशी समजूत होती, आणि गोळा झालेले धान्य व पैसा गावाच्याच कामी लागे. खेळाच्या मध्यावर तो सिंह कोसळतो, भिक्षूचे मंत्रपठण चालते, वैद्य येऊन सुया टोचतो, आणि सिंह पुन्हा उठून पूर्वीपेक्षा जोमाने नाचू लागतो. कोरियन युद्धाच्या धामधुमीत जे निर्वासित दक्षिणेकडे आले त्यांनी घरदार, शेतवाडी सारे मागे टाकले, पण हे सोंग बरोबर आणले. १९६७ साली दक्षिण कोरियाच्या सरकारने त्याची राष्ट्रीय वारसा म्हणून दप्तरी नोंद केली आणि २०२२ साली युनेस्कोने कोरियन मुखवटानाट्यांना जागतिक यादीत स्थान दिले, त्यांत त्याचाही समावेश आहे.

हाच सिंह १ डिसेंबर २०१८ रोजी सोलच्या गोछॉक स्काय डोममध्ये, मेलॉन संगीत पुरस्कारांच्या रात्री, बीटीएस या सात गायकांच्या संघाच्या ‘आयडॉल’ या गाण्यात अवतरला. आरंभी जे-होपने तीन ढोलांचे नृत्य मांडले, जिमिनने पंख्यांचे नृत्य केले, जंगकूकने मुखवटानाट्यातील लांब बाह्यांच्या झोकदार उड्या घेतल्या, आणि मग गाणे ऐन रंगात आले असता त्या झगमगाटात सिंहाची सोंगे नाचत पुढे आली. हजारो तरुण कंठांतून जो जल्लोष उठला तो त्या सात गायकांसाठी होता हे मी जाणतो. तथापि, ज्या गावी परत जाण्याची वाट सीमेवरील तारांनी बंद केली आहे त्या गावचा सिंह त्या जल्लोषात उभा होता, ही गोष्ट मला त्या रात्रीच्या सर्व पुरस्कारांहून मोलाची वाटते.

सर्वच पशू असे भाग्यवान नसतात. संगीत कंपन्यांना नव्या संघासाठी उग्र प्रतिमा हवी असली म्हणजे कोणते ना कोणते श्वापद मागवले जाते, आणि पुष्कळदा ते पंजाच्या आकारात वळवलेल्या बोटांपलीकडे जात नाही. सुपरएम संघाच्या २०२० सालच्या ‘टायगर इनसाइड’मध्ये अंगमेहनत अफाट आहे, पण प्रकाशाच्या भडिमारात वाघाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. एक्सो संघाचे २०१३ सालचे ‘वुल्फ’ मला त्याहून सरस वाटते, आणि तेसुद्धा त्यातील लांडग्यामुळे नाही; नृत्याच्या आरंभी संघातील सारे गायक एकमेकांत गुंतून एका वृक्षाचा आकार धारण करतात, हातांच्या फांद्या सावकाश हलतात, आणि लांडगा येण्याआधी त्याचे अरण्य उभे राहते, म्हणून. जी आयडल या मुलींच्या संघाने २०१९ साली एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत सादर केलेले ‘लायन’ मात्र पूर्ण मानाचे धनी आहे. ते गीत संघाची नायिका जॉन सो-यॉन हिने स्वतः रचलेले. आणि ज्या व्यवसायात तरुण गायिकांनी गोड हसावे असा शिरस्ता पडून गेला होता त्याच व्यवसायात या मुलींनी सिंहाचे राजपद मागितले, विनवणीने नाही, हक्काने.

त्यांना ते मागावे लागले याला कारण आहे. कोरियात चेहऱ्यांची प्राण्यांवरून प्रतवारी लावण्याची फार आवड आहे. कोणाचा चेहरा कुत्र्याच्या पिलासारखा, कोणाचा मांजरासारखा, कोणाचा कोल्ह्यासारखा. जंगकूकला रसिकांनी ससा ठरवले आहे, त्याच्याच संघातील सुगाला मांजर, आणि कित्येक संघांच्या प्रत्येक गायकामागे एकेक प्राणी नेमून त्याच्या बाहुल्या दुकानांत मांडल्या आहेत. या प्रेमाला मी कमी लेखत नाही. परंतु रंगमंचावर ज्याने वाघ व्हायचे त्याला खाली उतरताच कोणाच्या तरी मांडीवरचे पाळीव पिलू व्हावे लागते, हे पाहून मन विषण्ण होते.

म्हणूनच मला दानगुनची आदिकथा पुन्हा पुन्हा आठवते. तेराव्या शतकात भिक्षू इरयॉन याने ‘सामगुक युसा’ या ग्रंथात ती नमूद केली आहे. अस्वल आणि वाघ यांनी मनुष्यत्व मागितले तेव्हा स्वर्गपुत्राने त्यांना दवणा आणि लसूण देऊन शंभर दिवस सूर्यप्रकाश न पाहता गुहेत राहण्याची आज्ञा केली. वाघाला ते व्रत निभले नाही, तो बाहेर पडला, आणि अस्वल एकविसाव्या दिवशीच स्त्री होऊन पुढे दानगुनची, राष्ट्राच्या आद्य पुरुषाची, माता झाले. या संगीतव्यवसायातील उमेदवारीची पद्धत ज्याने वाचली असेल त्याला ती गुहा तत्काळ ओळखू येईल: ट्वाइस संघाची नायिका जिह्यो हिने रंगमंचावर पहिले पाऊल टाकण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे आरशांनी मढवलेल्या तालीमखोल्यांत काढली, ठरलेला आहार, ठरलेली निद्रा आणि दररोजची तीच ती पावले हेच अशा उमेदवारांचे आयुष्य. ही मुले जगतात अस्वलाचे जिणे आणि नाचतात वाघ होऊन, गुहेतून पळालेला, माणूस व्हायला नाकबूल झालेला वाघ. ती त्याच्या अंगात इतक्या उत्कटतेने का शिरतात, हे मला त्यानंतर निराळे समजावून घ्यावे लागले नाही.

परंतु अस्वलावरचे असे एखादे मोठे नृत्य अजून माझ्या पाहण्यात आलेले नाही. ते कोणीतरी बसवावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. त्याला पंजे नकोत, डरकाळी नको, अग्निज्वाळा तर मुळीच नकोत. पानसोरीचा एक खरखरीत कंठ, एक ढोल, आणि अंधारात एकाच जागी बसून शंभर दिवस मोजणारी देहबोली एवढे पुरे आहे. ते दहा वर्षे तालीमखोलीत काढलेल्या एखाद्या गायिकेने करावे, कारण त्या शंभर दिवसांचा हिशेब तिच्या अंगाला ठाऊक आहे.