साचा एक, पाने अनेक

जळगावच्या मेहरूणची ओळख तलावाइतकीच बोरांमुळेही आहे. बी पेरून उगवलेल्या बोरीला मूळ झाडासारखेच फळ येईल याची शाश्वती नसते. म्हणून जातिवंत झाडाचा डोळा काढून तो गावठी खुंटावर भरतात. अशा सर्व झाडांना एकाच जातीचे फळ धरते. परंतु डोळा भरल्यानंतर प्रत्येक झाड स्वतंत्रपणे वाढते. एका झाडावर घेतलेली मेहनत दुसऱ्यास लाभत नाही.

पेढीचे संकेतस्थळ बहुधा याच रीतीने वाढते. पहिले पान तयार झाले की त्याची नक्कल करून दागिन्यांचे पान, नव्या शाखेचे पान, सणाच्या योजनेचे पान अशी भर पडत जाते. त्या दिवशी सारी पाने सारखीच दिसतात. पुढे दूरध्वनी क्रमांक बदलतो, तेव्हा चाळीस पाने एकेक करून दुरुस्त करावी लागतात आणि त्यांतील दोन हमखास राहून जातात. शोध घेत नेमक्या त्याच पानावर आलेला ग्राहक जुना क्रमांक लावतो, उत्तर मिळत नाही आणि पेढी बंद झाली असे समजून दुसरीकडे वळतो. सराफाच्या दोन पानांवर सोन्याचे दोन भाव दिसले, तर प्रश्न पेढीच्या सचोटीपर्यंत जातो.

यावरील उपाय म्हणजे सामायिक साचा. पेढीचे नाव, बोधचिन्ह, अनुक्रम, पत्ता आणि तळटीप हा समान भाग एकाच ठिकाणी लिहून ठेवायचा आणि प्रत्येक पानाने तो तेथूनच घ्यायचा. रंग, अक्षरांचा आकार व मोकळी जागा यांचे नियमही एकाच शैलीपत्रकात असावेत. दिवसाचा भावही एकदाच नोंदवावा. पानावर त्याचा स्वतःचा मजकूर तेवढा उरतो. वर्डप्रेससारख्या प्रणालीत ही सोय मुळातच असते.

जळगाव व धुळे जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे याचे जवळचे उदाहरण होत. दोन्ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सामायिक चौकटीवर उभी आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने 2009 मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. जिल्हे निराळे, मजकूर निराळा. पण एक संकेतस्थळ वापरलेल्या नागरिकाला दुसऱ्यात चाचपडावे लागत नाही. देशी नामापद्धतीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे, ही रीत ठरलेली असल्यामुळेच नव्या मुनिमाला जुनी वही वाचता येत असे.

साच्यात जोखीमही आहे. त्यातील एक चूक एकाच वेळी सर्व पानांवर उमटते. म्हणून साचा बदलण्याचा अधिकार घरातील एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. बदलापूर्वी जुनी प्रत जपून ठेवावी आणि निरनिराळ्या प्रकारची दोन-तीन पाने मोबाइल व संगणक या दोहोंवर पाहून मगच बदल प्रसिद्ध करावा. शाखेची वेळ किंवा एखाद्या योजनेची मुदत यांसारखा पानापानाला बदलणारा तपशील साच्यात घालू नये.

आरंभ कागदावर करता येतो. संकेतस्थळाची सर्व पाने उघडून कोणता मजकूर सर्वत्र समान आहे आणि कोणता वेगळा, याच्या दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीतील जी नोंद कोठे तरी निराळी आढळेल, तेथूनच दुरुस्तीस हात घालावा.