झाकण बसले पाहिजे

गेल्या वर्षी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी एका कार्यालयात गेलो होतो. अर्ज भरून घेणाऱ्या गृहस्थांनी विचारले, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "कातकाम करतात. लेथवर लाकूड कातून बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी तयार करतात." गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि रकान्यात लिहिले, 'मजुरी'. मी काही बोललो नाही. दाखला हवा होता. पण तो शब्द मनात काट्यासारखा रुतून बसला.

मजुरी हलकी असते, असे मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला आपण मजुरी म्हणून मोकळे होतो त्यात किती विद्या साठवलेली असते, हे आपण पाहतच नाही. मी स्वतःही पाहिले नव्हते. नेरच्या बाजारात वडिलांच्या दुकानात वाढलो, पण उन्हाळ्याच्या सुटीत ताईच्या लग्नासाठी दागिन्यांची डबी स्वतः करायला बसेपर्यंत लेथ म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते.

बाबांनी एका पडलेल्या वाड्याच्या तुळईचा सागवानी तुकडा दिला. जुने लाकूड मुरलेले असते, ते फारसे दगा देत नाही. तुकड्याचे कोपरे उडवून तो लेथवर चढवला आणि मी मोठ्या उत्साहाने गोल पटाशी टेकवली. पटाशी लाकडात अडकली, हाताला हिसका बसला आणि तुकडा सुटून भिंतीवर आदळला. बाबा शांतपणे म्हणाले, "पटाशी दाबू नको. लाकडालेच येऊ दे तिच्यापाशी." सागवानात वाळूसारखा बारीक अंश असतो, त्यामुळे धार लवकर बसते. त्या दिवशी माझा अर्धा वेळ कातण्यात गेला आणि अर्धा धार लावण्यात.

बाहेरचा आकार झाला, आतला भाग कोरला. आता झाकण. डबी आणि झाकण एकाच तुकड्यातून काढायचे असते, म्हणजे लाकडाच्या रेषा खालून वर अखंड जातात. झाकणाच्या आतली कड केसाकेसाने कातायची, लेथ थांबवायचा, बसवून पाहायचे, पुन्हा कातायचे. मी एकदा जास्त कातले. झाकण खुळखुळू लागले. लाकूड काढता येते, परत लावता येत नाही. बाबा रागावले नाहीत. त्यांनी दुसरा तुकडा पुढे सरकवला.

दुसऱ्या डबीचे झाकण मी अगदी घट्ट बसवले व विजयी मुद्रेने त्यांच्या हाती दिले. ते म्हणाले, "आत्ता वैशाख आहे. आषाढात ताई हे उघडणार कशी?" पावसाळी हवेत लाकूड फुगते. तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. रेषांच्या आडव्या दिशेने ते फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून आज अगदी गोल असलेली डबी पुढे किंचित लांबट होते, आणि डबीच्या व झाकणाच्या रेषा जुळवूनच झाकण लावावे लागते. त्यासाठी बाबा कडेवर एक बारीक खूण करतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातले हे ज्ञान शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाच्या बोटांत होते. मग सांगा, ही मजुरी की विद्या?

मित्रहो, आपण स्वतःला कला शाखेचे विद्यार्थी म्हणवतो. वर्गात एखादी कविता शिकताना तिची भाषा 'कातीव' आहे असे आपण ऐकतो आणि वहीत लिहून घेतो. हा शब्द कुठून आला? लाकूड कातणाऱ्याच्या पटाशीखालून आला. शब्द आपण उचलला आणि कातारी बाहेर राहिला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत चार ओळी वाढवून सैल झाकण झाकता येते, ते लेथवर झाकता येत नाही. झाकण बसते किंवा बसत नाही. अशी परीक्षा आपल्या शिक्षणात कुठे आहे?

हा विचार नवा नाही. आपल्या शेजारच्याच वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि त्यातून 'नई तालीम' उभी राहिली. सावंतवाडीला चितारी कारागिरांनी लाकडाची खेळणी व फळे घडवून गावाचे नाव दूरवर नेले, आणि तेथील राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच लाखकामाला आसरा दिला. कर्नाटकातील चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या लाकडावर, ते लेथवर फिरत असतानाच, लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सागवान आहे, आणि ज्यावर लाखेचा किडा पोसतो तो पळस तर बांधाबांधावर फुलतो. नाही ती फक्त दृष्टी.

कुणी म्हणेल, प्लॅस्टिकच्या डब्यांच्या दिवसांत कातकामावर पोट भरते का? प्रश्न रास्त आहे. बाबांनाच मी लेथवर बसावे असे वाटत नाही. डबीला लागलेले दोन दिवस आणि तिची बाजारातली किंमत यांचा हिशेब जुळत नाही, हे ते जाणतात. सर्वांनी कातारी व्हावे, अशी माझीही मागणी नाही. पण पोट भरत नाही म्हणून त्या कामातले ज्ञान खोटे ठरत नाही. तसे असते तर आपल्या कित्येक विषयांना टाळे लावावे लागले असते.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कौशल्याच्या विषयांना अभ्यासक्रमात जागा दिली आहे. स्थानिक कारागिरांना शिकवण्यासाठी बोलवावे, असेही त्या धोरणात म्हटले आहे. मग हे विषय केवळ छापील टिपणांवर का उरकावेत? प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे की, एका सत्रात दहा मुलामुलींना गावातल्या एखाद्या कातकामाच्या, कुंभाराच्या किंवा विणकराच्या दुकानात पाठवावे. त्या कारागिराला मानधन द्यावे, आणि मुख्य म्हणजे वेळापत्रकात शिक्षक म्हणून त्याचे नाव छापावे. खर्च फार नाही. सवय तेवढी मोडावी लागेल.

ताईची डबी तिच्या सासरी गेली. आषाढात तिचा फोन आला, झाकण नीट उघडते म्हणून. पहिली, खुळखुळणारी डबी माझ्या टेबलावर आहे. तीत मी पेनाची टोपणे ठेवतो. पुढच्या वेळी कुणी वडिलांचा व्यवसाय विचारला, तर मी तो रकाना स्वतः भरीन आणि त्यात 'कातारी' असे लिहीन.