घडीच्या दाराची काच आणि तिचा आधार

दाराची चौकट दाराला तोलून धरते आणि काच केवळ तिच्यातील पोकळी भरून काढते, ही समजूत फार रूढ आहे. खिडकीच्या लहानशा तावदानापुरती ती फारशी हानिकारक नाही. परंतु कोलकात्यातील न्यू टाऊन-राजारहाटसारख्या भागांत ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या दिवाणखान्यातून सज्जाकडे उघडणारी ॲल्युमिनियमच्या चौकटींची घडीची दारे बसविताना हीच समजूत महागात पडते. अशा दारात काच हा दाराचा एक भार वाहणारा अवयव असतो. ती कोठे व कशावर टेकविली आहे, ह्यावर ते दार वर्षानुवर्षे सहज सरकेल की पहिल्याच पावसाळ्यात उंबरठ्याला घासू लागेल, हे अवलंबून राहते.

काचेचे वजन काढणे सोपे आहे. एक चौरस मीटर क्षेत्राची व एक मिलिमीटर जाडीची काच अडीच किलोग्रॅम भरते. तेव्हा ८०० मिलिमीटर रुंद, २२०० मिलिमीटर उंच आणि ६ मिलिमीटर जाड अशी एका झडपेची काच सुमारे २६ किलोग्रॅमची झाली. तीच दुपदरी घेतली तर जवळजवळ ५३ किलोग्रॅमची. बिजागऱ्यांवर टांगलेल्या झडपेचा हा सारा भार एका बाजूने पुढे जातो, आणि दुसरी बाजू अधांतरी राहते. चार पट्ट्या कोपऱ्यांत जोडून केलेला आयत स्वभावतः ताठ नसतो. ढिल्या सांध्यांची बाज जशी एका अंगाला कलते, तशीच झडपेची मोकळी बाजूही खाली उतरते. शेताच्या वा वाड्याच्या लाकडी फाटकाला खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी मारलेली असते. फाटक लोंबू लागले की नेमका हाच कर्ण आखूड होऊ पाहतो, आणि पट्टी त्याला आखूड होऊ देत नाही.

घडीच्या दारात ह्या तिरक्या पट्टीचे काम काचेने करावयाचे असते. त्यासाठी काच खोबणीत नुसती ठेवून भागत नाही. झडपेचा भार ज्या बाजूने बिजागरीकडे किंवा चाकाकडे जातो, त्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात काचेखाली एक कठीण ठोकळा बसवावा लागतो, आणि त्याच कोपऱ्यात काचेच्या उभ्या कडेशी दुसरा. मग कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे वरच्या मोकळ्या कोपऱ्यात, तसेच दोन ठोकळे काच व चौकट ह्यांच्यामध्ये घट्ट बसवावयाचे. ठोकळ्यांची जाडी किंचित कमीअधिक केली की झडपेचा उतरलेला कोपरा वर उचलला जातो. उरलेल्या दोन कोपऱ्यांत काच जागेवरून हलू नये एवढ्यापुरतेच हलके आधार पुरतात. मधल्या झडपांना दोन्हीकडे बिजागऱ्या असतात, आणि तेथे भार कोणत्या बाजूने जातो हे चाकाच्या जागेवरून ठरते. म्हणून एकाच दाराच्या शेजारशेजारच्या झडपांत ठोकळ्यांचा कर्ण उलटसुलट पडू शकतो. सर्व झडपांना एकच रीत लावणारा मिस्त्री येथेच फसतो.

काच ठिसूळ, तिच्यावर चौकटीचा भार कसा टाकावा, अशी शंका येथे घेतली जाते. शंका योग्य आहे. पण काच ताणाला कच्ची असली तरी दाबाला चांगली पक्की असते, आणि ठोकळ्यांतून तिच्यावर येतो तो दाबच. तिला बाधते ते धातूचे टोक. चौकटीतून डोकावणारा एखादा स्क्रू कडेला टेकला तरी पुरे होते. विशेषतः कडक केलेल्या सुरक्षा-काचेच्या पृष्ठभागात दाब आणि अंतर्भागात ताण कोंडलेला असतो, त्यामुळे कडेला बसलेला एक टोला साऱ्या काचेचे खडीसारखे तुकडे करतो. म्हणून ठोकळा अगदी कोपऱ्यात न ठेवता चार-पाच बोटे आत असावा, तो काचेच्या पूर्ण जाडीला पुरेल इतका रुंद असावा, आणि दुपदरी काच असेल तर दोन्ही पदर त्याच्यावर टेकलेले असावेत.

उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा असत. बंगालीत त्यांना खडखडी म्हणतात. त्या घडविणाऱ्या सुताराचे शास्त्र ह्याच्या उलट होते. पावसाळ्यात लाकूड फुगते, हिवाळ्यात आक्रसते. म्हणून दाराचा दिलहा तो खोबणीत मुद्दाम सैल ठेवी, आणि भार चौकटीच्या सांध्यांवर सोपवी. त्याचे ते करणे अगदी बरोबर होते. परंतु तीच सवय काचेला लावून तिला चारी बाजूंनी सारखी सैल सोडली, आणि फटी रबराने वा सिलिकोनने भरल्या, की झडप लोंबणार हे ठरलेले. सिलिकोन पाणी अडवितो, भार पेलीत नाही. फट मात्र हवीच. ३० अंशांच्या तापमानभेदाने २२०० मिलिमीटर लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे दीड मिलिमीटर वाढते, आणि तेवढ्याच लांबीची काच अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक. दोन कोपऱ्यांत पक्का टेका आणि इतरत्र मोकळी जागा, असा हा दुहेरी हिशेब आहे.

कोलकात्यात चैत्र-वैशाखाच्या दुपारी वायव्येकडून कालबैशाखीची वादळे येतात. २० मे १९२० रोजी नव्हे, अगदी अलीकडे, २० मे २०२० रोजी, अम्फान चक्रीवादळात शहरातील वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या वर गेला होता. ताशी शंभर किलोमीटर वेगाचा वारा वर सांगितलेल्या झडपेवर सुमारे ८० किलोग्रॅम वजनाइतका रेटा देतो. भारतीय मानकाने इमारतींच्या रचनेसाठी कोलकात्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदास ५० मीटर धरला आहे. तो धरला तर हाच रेटा २६० किलोग्रॅमच्या पुढे जातो. हा रेटा खोबणीच्या कडा सोसतात. ठोकळे नसलेली काच एका बाजूला सरकली की दुसऱ्या बाजूची तिची कड खोबणीत जेमतेम राहते, आणि वारा तेथेच वाट काढतो. पाण्याचाही असाच प्रश्न आहे. खोबणीत शिरलेले पाणी बाहेर जावे म्हणून चौकटीच्या तळाशी बारीक छिद्रे ठेवलेली असतात; त्यांवरच ठोकळा बसविला तर काचेची कड पाण्यात उभी राहते, आणि दुपदरी काचेच्या आत धुके धरते. लाकडाचे कपटे किंवा पुठ्ठा ठोकळा म्हणून वापरणे ह्या दमट हवेत तर निव्वळ अविचार होय.

ह्याच शहरात, जादवपूर येथे, २६ ऑगस्ट १९५० रोजी केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. मराठी वाचकाला तळेगावचा १९०८ सालचा पैसा फंड काच कारखाना आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील परिचित आहे. काच करण्याची विद्या देशाने कष्टाने मिळविली आणि तिचा योग्य गौरवही झाला. काच बसविण्याच्या विद्येला मात्र अजून विद्या म्हणून कोणी मानत नाही. ती अंगमेहनतीत जमा होते, आणि तिचा मोबदलाही चौरस फुटांवर ठरतो. जो मिस्त्री अर्धा दिवस ठोकळे लावण्यात घालवितो त्याचे चौरस फूट कमी भरतात, आणि जो ते गाळतो त्याला अधिक मिळते. पट्ट्या ठोकल्यानंतर दोघांचे काम बाहेरून सारखेच दिसते. त्यात भर अशी की, कडक केलेली काच जागेवर कापता येत नाही. भिंतीतील जागा गुण्यात नसली, किंवा माप दोन-तीन मिलिमीटर चुकले, की ठोकळे काढून टाकून काच कशीबशी आत सारण्याचा मोह होतो. हा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तो माप घेणाराचा आणि मजुरीचा असा दर ठरविणाराचा आहे.

तेव्हा ठोकळे बसविण्याचे काम कंत्राटात वेगळे नोंदवून त्याची मजुरी वेगळी द्यावी, आणि तांत्रिक शाळांतून ते सुतारकामाइतक्याच गंभीरपणे शिकवावे. तपासणीला फारसा खर्च नाही. आधी रिकामी चौकट ओळंब्याने व पाणसळीने पाहावी, झडपा टांगाव्यात, मग काच ठोकळ्यांवर बसवून प्रत्येक झडपेचे दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. दोन्ही मापे सारखी आली, आणि सर्व झडपा दहा-वीस वेळा घडी घालून उलगडल्या तरी कोठे घासल्या नाहीत, तरच आतल्या पट्ट्या बसवाव्यात. ज्याने पैसे द्यावयाचे त्याने ह्या वेळी तेथे हजर असावे. पट्ट्या बसल्यानंतर त्याला पाहण्यासारखे काही उरत नाही.