बाह्यरुग्ण विभागाची रांग आणि विज्ञानजगताची उदासीनता

देशातील कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयासमोर पहाटेपासून रांग लागते आणि तिचे कारण सर्वांना तोंडपाठ असते : डॉक्टर कमी, रुग्ण फार. हे खरे आहे. मात्र या उत्तरावर समाधान मानून विज्ञानजगताने पुढचा प्रश्नच विचारणे सोडून दिले आहे.

एक साधे गणित पाहावे. एका डॉक्टरने प्रत्येकी चार मिनिटे देऊन ६० रुग्ण तपासायचे आहेत, म्हणजे चार तासांचे काम. साठही जण नऊ वाजता हजर झाले, तर सरासरी प्रतीक्षा ११८ मिनिटांची होते. तेच रुग्ण दर तासाला पंधरा असे आले, तर ती २८ मिनिटांवर येते. डॉक्टर तोच, खोली तीच, तपासणीचा वेळही तोच. उरलेली दीड तासाची यातना टंचाईची नाही, ती रचनेची आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. खेड्यातून सकाळची एकच बस असेल तर रुग्णाने अकराची वेळ घेऊन करायचे काय? आक्षेप रास्त आहे. पण मग वेळापत्रक बसच्या वेळा, मजुरीचे दिवस आणि परतीचा प्रवास धरूनच आखले पाहिजे, आणि अशा आखणीलाच प्रणाली अभियांत्रिकी म्हणतात. रुग्णालयाच्या भिंतीशी थांबणारा अभ्यास प्रणालीचा अभ्यास नव्हे.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. खाटा शंभर टक्के भरलेल्या असणे हे कार्यक्षमतेचे लक्षण मानले जाते. रांगेच्या गणिताचा पाया डॅनिश अभियंता एरलांग याने दूरध्वनी केंद्रांच्या अभ्यासातून १९०९ मध्ये घातला. त्यातील सर्वांत सोप्या प्रतिमानानुसार, एकाच सेवाकेंद्रावरील भार ८० टक्के असेल तर रांगेतील सरासरी प्रतीक्षा सेवाकाळाच्या चौपट असते; ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. खरे रुग्णालय इतके सोपे नसते, हे मान्य. तरी वक्राचा चढ तोच राहतो. अतिदक्षता विभागात मुद्दाम रिकामी ठेवलेली खाट लेखापरीक्षकाला उधळपट्टी वाटते. मध्यरात्री आलेल्या रुग्णासाठी तीच खाट म्हणजे उपचार असतो.

हे सारे परदेशातील पुस्तकी ज्ञान आहे, असेही म्हणता येणार नाही. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत अकरा खाटांनिशी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तेथे शल्यचिकित्सक एका टेबलावर शस्त्रक्रिया करीत असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार होत असतो. तयारीची कामे प्रशिक्षित सहायिका पाहतात आणि सर्वांत दुर्मिळ साधन, म्हणजे शल्यचिकित्सकाचा वेळ, वाया जात नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारले. खरेदी केंद्रीय, पण कोणते औषध किती उचलायचे हे प्रत्येक रुग्णालय आपल्या पासबुकातील रकमेच्या मर्यादेत ठरवते. पासबुक ही काही चकचकीत तंत्रज्ञानाची वस्तू नव्हे! तरीही मागणीची माहिती मागणी करणाऱ्याकडूनच यावी, हे पुरवठासाखळीचे मूलतत्त्व तिच्यात उतरले आहे. पुढे केरळ आणि राजस्थान यांनीही अशी महामंडळे स्थापन केली.

याउलट आज धोरणाचा ओढा उपकरणांकडे आणि ॲपकडे आहे. आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेतील ‘स्कॅन अँड शेअर’ सुविधेमुळे क्यूआर कोडवरून नोंदणीचा क्रमांक मिळतो आणि केसपेपरच्या खिडकीवरील ताटकळणे कमी होते. सुविधा चांगलीच आहे. परंतु अडथळा डॉक्टरच्या दाराशी किंवा रक्ततपासणीच्या अहवालापाशी असेल, तर खिडकीवर वाचलेला वेळ रुग्ण दाराशी उभा राहून घालवतो. अशा वेळी खिडकीवर वाचलेली मिनिटे मोजून यश जाहीर करणे ही आत्मवंचना होय. मोजायचा तो रुग्ण घरातून निघाल्यापासून औषध हाती पडेपर्यंतचा काळ.

याचा दोष केवळ शासनाच्या माथी मारणे सोयीचे ठरेल. अमेरिकेत अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोन राष्ट्रीय संस्थांनी २००५ मध्ये एकत्र येऊन आरोग्यसेवा आणि अभियांत्रिकी यांच्या भागीदारीचा अहवाल सिद्ध केला. आपल्याकडे संख्याशास्त्राला नियोजनाच्या केंद्रस्थानी नेणारी महालनोबिसांची परंपरा असूनही, रुग्णालय हा ‘खऱ्या’ विज्ञानाचा विषय नाही असा एक अलिखित जातिभेद प्रयोगशाळांत नांदतो. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले. ते व्हायलाच हवे होते. पण संभाव्यतेचे गणित अणूंच्या समूहाला लावले की भौतिकशास्त्र आणि माणसांच्या रांगेला लावले की कारकुनी, ही प्रतवारी कोणत्या तर्काने केली जाते?

‘रुग्ण म्हणजे कारखान्यातील माल नव्हे,’ असे काही डॉक्टर म्हणतात. बरोबर आहे. म्हणूनच चार मिनिटांची तपासणी तीन मिनिटांवर आणणे हे या अभ्यासाचे उद्दिष्ट असता कामा नये; नोंदी, शोधाशोध आणि हेलपाटे यांत जाणारा वेळ काढून त्या चाराची सहा मिनिटे व्हावीत, हे असावे. त्यासाठी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या बाह्यरुग्ण विभागातील आगमनाच्या आणि तपासणीच्या वेळा, रुग्णांची ओळख वगळून, संशोधनासाठी खुल्या कराव्यात. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन विद्यार्थी, एक घड्याळ आणि एक महिना, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.