वाचणाऱ्या मुलांना लिहू द्या

तुमच्या घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी जेवतानाही पुस्तक खाली ठेवत नसेल, दिवा मालवल्यावर पांघरुणात पुस्तक नेत असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. पोर वाचतंय याचं कौतुक करून थांबू नका. वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्याला लिहू द्या, आणि त्यानं लिहिलेलं मन लावून वाचणारं एक तरी मोठं माणूस त्याला मिळेल असं पाहा.

लहान मुलांच्या वाचनाला आपण सगळेच हातभार लावतो. चार वर्षांच्या लेकराला मांडीवर घेऊन चित्रं दाखवतो, गोष्ट वाचतो, ‘मग काय झालं?’ म्हणून विचारतो. तेच मूल आठवीत गेलं की हे बोलणं थांबतं. आता त्याचं त्याला वाचता येतं, मग वाचू दे एकट्यानं, असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे पुस्तकं माणसाला आतून हलवू लागतात ती याच वयात. काल-परवापर्यंत भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर सायकलवरून भटकणारं मूल एक दिवस मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ उघडतं आणि आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गात जाऊन बसतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो. त्याचं एकटेपण वाचून कुणाला तरी आपलं वसतिगृह आठवतं. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ वाचून झाल्यावर मूल दोन दिवस गप्प गप्प असतं. आईला वाटतं, शाळेत काहीतरी झालं असेल. झालेलं असतं ते पुस्तकात, आणि ते सांगायला त्याच्यापाशी कुणी नसतं. मित्रांनी पुस्तक वाचलेलं नाही, घरी सगळे कामात, आणि शाळेच्या लेखी ते ‘अवांतर वाचन’.

याबाबतीत मला बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळकरी वयातली हकिकत फार मोलाची वाटते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा वाचत बसलेला दिसे. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली, त्याला पुस्तकं वाचायला दिली. परीक्षेतल्या यशाबद्दल भीमरावाचा सत्कार झाला, तेव्हा केळुस्करांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांकडून शिक्षणाला मदत मिळावी म्हणून शब्दही त्यांनीच टाकला. इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत आहे, आणि आईबापांनी वाचावा तो हाच भाग.

ते बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाच्या मनात प्रश्न उभा राहिला. घरात वडील, रामजी सुभेदार, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मग बुद्धाचं साहित्य त्यांनी आपल्याला का दाखवलं नाही? आणि ज्या ग्रंथांत शूद्रांची अवहेलना आहे तेच वाचण्याचा आग्रह का? मुलानं सरळ वडिलांना विचारलं. वडिलांना प्रश्न आवडला नाही, त्यांनी त्याला गप्प केलं. काही काळानं मुलानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. या खेपेला वडील विचार करून बसले होते. आपण अस्पृश्य म्हणून मनात न्यूनगंड येण्याचा धोका आहे. द्रोण आणि कर्ण किती लहान स्थितीतून किती उंचीवर गेले ते वाचून तो न्यूनगंड जाईल, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. मुलाचं त्यानं समाधान झालं नाही, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. समाधान झालं नाही तरी चालतं. एका माणसानं पुस्तक दिलं आणि दुसऱ्यानं, आधी रागावून का होईना, प्रश्नाची दखल घेतली. वाचणाऱ्या मुलाच्या भोवती अशी दोन माणसं हवीत. आपल्यापैकी कुणीही त्यातलं एक होऊ शकतं. त्यासाठी आपण स्वतः खूप वाचलेलं असण्याचीही गरज नाही.

आता लिहिण्याचं. अ‍ॅन फ्रँकची डायरी जगाला माहीत आहे, मराठीतही ती आली आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपून राहत असताना तिच्याजवळ आणखी एक वही होती. बाहेरचे मदतनीस ग्रंथालयातून पुस्तकं आणून देत, आणि 1943 च्या उन्हाळ्यापासून ती वाचलेल्या पुस्तकांतले आवडलेले उतारे या वेगळ्या वहीत उतरवून काढू लागली. कल्पना वडिलांची होती. तेव्हा अ‍ॅन चौदा वर्षांची होती. बाहेर पडायची सोय नव्हती, पुढे काय होणार याची शाश्वती नव्हती, आणि तशा घरात एका बापानं मुलीला वाचलेलं टिपून ठेवायला सुचवलं.

तुमच्या मुलालाही अशी एक वही द्या. साधी दोनशे पानी वही पुरते. पण तिच्यावर शाळेची सावली पडू देऊ नका. नववी-दहावीच्या मुलांना रसग्रहणाची सवय झालेली असते: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. परीक्षेत त्याचे गुण मिळतात, तिथे ते ठीक आहे. मात्र पुस्तकाबद्दल लिहायला बसलं की तोच साचा हाताशी येतो आणि मूल ‘लेखकाची भाषा ओघवती आहे’ असं लिहून मोकळं होतं. त्यात ना पुस्तक असतं, ना ते मूल.

मुलांनो, आता थोडं तुमच्याशी. पुस्तक संपल्यावर फार दिवस जाऊ देऊ नका, एक-दोन दिवसांत लिहायला बसा. सबंध कथा सांगत बसू नका, आणि शेवट तर सांगूच नका. तो पुढच्या वाचणाऱ्याचा हक्क आहे. तुम्ही कुठे थांबलात ते लिहा. कोणत्या पानावर रडू आलं, कुणाचा राग आला, कुठे पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहत बसलात. आवडलेलं एखादं वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि पान क्रमांक टाका. पुस्तक आवडलं नाही तर तसं बेधडक लिहा, नाव कितीही मोठं असलं तरी. पण कुठे कंटाळलात आणि का, हे दाखवून द्या. ‘बोअर आहे’ एवढ्यानं वाचणाऱ्याला काही कळत नाही. ‘पहिली चाळीस पानं नुसती वर्णनं आहेत, मला माणसं कधी भेटणार याची वाट पाहत होतो’ असं लिहिलंत की कळतं. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू नका, आणि फोनला विचारून दुसऱ्याचं मत आपलं म्हणून मांडू नका. तुम्ही या वयात ते पुस्तक कसं वाचलंत, ही गोष्ट जगात दुसरं कुणीच सांगू शकणार नाही. दोन-तीन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा वाचा आणि आधीच्या पानाच्या पुढे नवं पान लिहा. तुम्ही किती बदललात ते तुमच्या तुम्हाला दिसेल.

पुढे हे लेखन फोनवरून चारचौघांपुढे मांडावंसं वाटलं तर आईबापांनी अडवू नये. आपल्याला आवडलेलं पुस्तक अनोळखी माणसानंही उचलावं ही इच्छा चांगलीच आहे. फक्त तिथे पूर्ण नाव, शाळा, पत्ता, स्वतःचे फोटो देऊ नयेत, आणि कुणी खासगीत बोलायला येऊ लागलं तर घरी सांगायचं, एवढं आधीच ठरवून घ्या.

मोठ्यांनी मात्र काही पथ्यं पाळायची आहेत. मुलाची वही त्याला विचारल्याशिवाय उघडायची नाही. त्यानं विश्वासानं वाचायला दिली तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल पेन फिरवायचा नाही. शुद्धलेखन सावकाश सुधारतं, आटलेला उत्साह परत आणणं फार अवघड जातं. त्याचं पान फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही, कौतुकानंसुद्धा. ‘यातून काय बोध घेतलास?’ हा प्रश्न तर कायमचा सोडून द्या. त्याऐवजी विचारा, ‘तुला त्यातलं कोण आवडलं?’ किंवा ‘मी वाचू का हे पुस्तक?’ आणि तसं म्हणालात तर खरंच वाचा. आईनं आपलं पुस्तक वाचलं याइतका आनंद त्या वयात क्वचितच कशाचा होतो.

आणखी एक बोलल्याशिवाय राहवत नाही. कित्येक घरांत मुलगा वाचत बसला तर ‘अभ्यासू आहे’ आणि मुलगी वाचत बसली तर ‘कामाला नको’. तिच्या हातातलं पुस्तक काढून भाजी निवडायला बसवलं जातं. गावातलं ग्रंथालय संध्याकाळी उघडतं, आणि अंधार पडायच्या आत घरी ये म्हणून मुलींना तिथे जाता येत नाही. ग्रंथालय चालवणाऱ्यांनी आठवड्यातून एखादा दिवस शाळा सुटल्याबरोबर बालविभाग उघडावा, आणि घरच्यांनी मुलीचा तासभर वेळ मोकळा ठेवावा. मुलगा-मुलीत असा फरक करणं अन्यायाचं आहे आणि ते बदलणं आपल्या हातात आहे.

शिक्षकांनो, दरवर्षी 15 ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. तो करूच. पण रोजच्या परिपाठात सुविचार आणि बोधकथेबरोबर दोन मिनिटं एखाद्या मुलाला वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलू द्या. भित्तिपत्रकावर एक कोपरा त्यासाठी राखा. शाळेचं हस्तलिखित निघत असेल तर त्यात पाठांतराच्या निबंधांऐवजी ही पानं घ्या. आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात असेल तर ती बाहेर काढा. पुस्तक हाताळून फाटलं तर ते वाचलं गेलं असं समजा.

पुस्तकं महाग आहेत, ही अडचण खरी आहे. तरी मार्ग आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी 1967 चा कायदा आहे आणि त्याखाली शासनमान्य ग्रंथालयं गावोगाव चालतात. अनामत आणि महिन्याची थोडी वर्गणी भरून घरी पुस्तकं आणता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. साने गुरुजींच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे, त्यामुळे ‘श्यामची आई’ही जालावर मोफत मिळते. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलुदा, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ या वयाला पेलणारी आहेत आणि बऱ्याचशा ग्रंथालयांत सापडतात. सुटीत सहल काढणार असाल तर पाचगणीजवळच्या भिलारला जा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथे गावकऱ्यांच्या घरात बसून पुस्तक वाचता येतं, आणि मुलांना तिथे नुसतं फिरवू नका, निवांत बसू द्या.

मूल इंग्रजी वाचत असेल तर मराठीचा हट्ट धरून त्याचं वाचन बंद पाडू नका. इंग्रजी पुस्तकाबद्दल मराठीत लिहायला सांगा. आपल्याला भिडलेलं दुसऱ्या भाषेतलं काही आपल्या बोलीत सांगताना मराठी फार जवळची होते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईबापांनी हे जरूर करून पाहावं. आजीला पाठवायचं पत्र म्हणून लिहिलं तरी चालेल.

या रविवारी मुलाला घेऊन ग्रंथालयात जा. त्याचं नाव घाला, पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या, आणि परतताना एक वही विकत घ्या.